दारावरचा मंगळवार

पिंपळीच्या बनाबाईला स्पॅनिश येतं असं बारामतीच्या भाजी बाजारात कुणी सांगितलं, तर ऐकणारा आधी हसेल. हसू द्या. तिला त्या भाषेत पाणी मागता येत नाही, जेवलात का विचारता येत नाही, भेंडीचा भावसुद्धा सांगता येत नाही. तिला फक्त तारीख लिहिता येते. पण ती मात्र अशी झोकात लिहिते, की तिकडचा एखादा तलाठी बघेल तर मुकाट सही करील.

याचं मूळ तिच्या लेकाच्या लग्नात आहे. ऋषिराज शेतीचं शिकून ठिबकच्या कामासाठी स्पेनला गेला, वलेन्सियाजवळच्या संत्र्याच्या बागांत रमला आणि तिथल्याच लूसियाशी त्याचं जमलं. बनाबाईनं पोरीला फोनवर बघितलं; हसरी आहे, कामाला मागं हटत नाही, भाकरी आवडीनं खाते, एवढी चौकशी केली आणि हो म्हणून टाकलं. नवरा गेणबा अजून विचार करत होता, तोवर बाईनं शेजारणीकडं साखर पोचवलीसुद्धा.

आता लग्न म्हटलं की घराच्या दर्शनी भिंतीवर कलश आला, नवरा-नवरीची नावं आली, खाली वार आणि तारीख आली. पिंपळीत घरोघरी हे असतं. लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली तरी भिंतीवरची तारीख कुणी पुसत नाही. बनाबाईच्या मनात आलं, ही भिंत आपल्या व्याह्यांनाही वाचता आली पाहिजे. नावं काय, कुणीही वाचून दाखवील. पण वार-तारीख त्यांच्या भाषेत हवी, आणि तीही आपल्या हातची.

"पेंटर लिहील की," गेणबा म्हणाला.

"पेंटरच्या लेकाचं लगीन हाय का?"

विषय संपला.

लूसियानं फोनवर शिकवणी सुरू केली. आधी वार, मग आकडा, मग 'दे', म्हणजे आपलं 'चा', मग महिना, पुन्हा 'दे', मग साल. "लईच दे दे चाललंय," गेणबा म्हणाला. "लग्नाआधीच मागायला लागली व्हय?" बनाबाईनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. तिची खरी अडचण वेगळी होती. ती भाषा इंग्रजीच्याच एबीसीडीत लिहितात, पण वार आणि महिना बारक्या अक्षरानं सुरू करतात, आणि हे काही तिला पटेना. "सोयऱ्यांच्या देशाचा वार, त्येला बारकं अक्षर? बरं दिसतं का?" म्हणून ती पहिलं अक्षर चांगलं ढब्बू मिरचीएवढं काढायची. लूसिया तिकडं हसून हसून लोळायची. शेवटी ज्याचा वार त्याच्या रीतीनंच त्याला मान द्यावा, असं बनाबाईनं स्वतःच स्वतःला पटवलं आणि अक्षर लहान झालं.

सरावासाठी तिनं गोठ्याचं दार धरलं. रोज पहाटे म्हशीची धार काढायला जाताना ती खडूनं दारावर तारीख लिहायची, बॅटरीच्या उजेडात फोटो काढायची आणि लूसियाला पाठवायची. आणि रोज ती तारीख चुकायची. अक्षरं बरोबर, दिवस कालचा! सोमवारी पहाटे रविवार, मंगळवारी पहाटे सोमवार.

"आई, आज मंगळवार," लूसिया आपल्या नव्या नव्या मराठीत सांगायची.

"कसा काय? दिस कुठं उगवलाय अजून?"

लूसियाला वाटायचं, आई गंमत करतात. गंमत कसली! बनाबाईला तिच्या सासूनं पक्कं शिकवलं होतं, की रात्री बाराला घड्याळ बदलतं, वार बदलत नाही. वार सूर्याबरोबर येतो. शनिवारी घरात तेल आणायचं नाही, तर रविवारीही उजाडल्याशिवाय आणायचं नाही. पंचांग बघणारे गुरुजीही तेच सांगत. तेव्हा अंधारात खडू हातात घेतलेल्या बनाबाईच्या लेखी अजून कालचाच वार चालू असायचा. लूसियानं पुढं पुढं तिची ही चूक काढणंच सोडून दिलं.

लूसियाला लहानाचं मोठं केलं ते तिच्या आजीनं. एन्कार्ना तिचं नाव. पोरीचं म्हणणं होतं, आजी मांडवात नसेल तर मी माळ घालणार नाही. बनाबाईलाही विहीण म्हणून तीच हवी होती, कारण या दोघींचं फोनवर भलतंच जमलं होतं. एकमेकींच्या बोलण्यातलं ओ की ठो कळत नसे. बनाबाई फोनसमोर वांगं धरायची, आजी तिकडून आपलं लांबडं वांगं नाचवायची. ही दोडका दाखवायची, ती कमळाच्या कळीसारखी कसलीशी भाजी वर करायची. मग दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. विहिणीसाठी हिरवी इरकल आणून झाली होती आणि ओटीचा नारळ हलवून हलवून निवडून झाला होता.

गुरुजींनी मुहूर्त काढला तेरा फेब्रुवारीचा. मंगळवार, आणि त्यातून गणेश जयंती! गणपतीच्या वारी गणपतीचा जन्म, असा दिवस सोन्याचा म्हणायचा. जानेवारी संपता संपता ऋषिराज आणि लूसिया पिंपळीत येऊन पोचले. आजी लूसियाच्या मामाबरोबर मागाहून येणार होती. एके दिवशी नवरा-नवरी दोघं बांगड्या भरायला बारामतीला गेले, तेवढ्यात मल्हार पेंटरनं भिंत पुरी केली. कलश झाला, नावं झाली, 'मंगळवार, दि. १३ फेब्रुवारी' झालं. मग बनाबाईनं पदर खोचला, ब्रश घेतला आणि खाली लिहिलं, मार्तेस, 13 दे फेब्रेरो दे 2024. अगदी बारक्या अक्षरानं सुरुवात करून! तिचा आनंद पोटात मावेना. फोटो काढला आणि कुणाला न विचारता थेट विहिणीला पाठवला.

लगेच फोन वाजला. पडद्यावर आजी होती, पण हातात वांगं नव्हतं. ती कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावत होती आणि धो धो बोलत होती. त्यातलं 'मार्तेस' आणि 'त्रेसे' एवढंच बनाबाईला कळलं. मंगळवार आणि तेरा. मग आजीनं डोळे पुसले आणि फोन बंद केला. बनाबाई ब्रश घेऊन तशीच उभी राहिली.

लूसिया परत आली, भिंत वाचली आणि मटकन ओट्यावर बसली. तिनं आजीला फेब्रुवारीच्या मध्यावर लग्न आहे एवढंच सांगितलं होतं. त्यांच्याकडं मंगळवार आणि तेरा तारीख एकत्र आली की जुनी माणसं दचकतात. त्या दिवशी लग्नाचं नावसुद्धा काढत नाहीत. लूसियानं फोन लावला, तर आजी म्हणत होती, पोरीचं वाटोळं मी डोळ्यांनी बघणार नाही, मी येत नाही.

"मग मला का सांगितलं न्हाईस, बाय?"

"तुम्ही इतक्या खूश होता, आई."

बनाबाईनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"आजकाल कोण मानतंय असलं?" गेणबा मध्येच म्हणाला.

"अमुशा हाय म्हणून नवा ट्रॅक्टर दारात आणला न्हाय तुमी. म्हातारीला हसू नगा."

गेणबा ट्रॅक्टरकडं बघत बसला. गुरुजींना विचारलं, तर पुढचा चांगला दिवस ऋषिराजची रजा संपल्यावर येत होता. आणि गणेश जयंतीचा मंगळवार सोडायला बनाबाईचं मन तयार नव्हतं, पण विहिणीवाचून मांडव तर तिला बघवलाच नसता. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

पहाटे ती सवयीनं गोठ्याकडं गेली, सवयीनं खडू उचलला, सवयीनं कालचा वार लिहिला आणि तिथंच थबकली. दाराकडं बघितलं. आभाळाकडं बघितलं. आणि बादली तशीच टाकून घराकडं पळत सुटली, ती सरळ फोनवर.

"गुरुजी, मंगळवार कवा संपतो?"

"बुधवारी सूर्य उगवला की."

"आन् घड्याळाचा बुधवार?"

"तो रात्री बारालाच लागतो, पण तो काय आपला..." गुरुजी बोलता बोलता थांबले. मग असे काही हसले, की त्यांना ठसका लागला. पंचांगाची पानं फडफडली. पहाटे सहाच्या सुमाराचा, सूर्य उगवायच्या आधीचा मुहूर्त निघाला. आपला मंगळवारही साधला आणि तिकडचा बुधवारही!

बनाबाईनं खालच्या ओळीवर चुना मारला, तो वाळेपर्यंत कशीबशी कळ काढली आणि नवी ओळ लिहिली. मिएर्कोलेस, 14 दे फेब्रेरो दे 2024. लूसियानं भिंत दाखवत आजीला नवी तारीख सांगितली. आजीनं पुन्हा पुन्हा विचारलं, चौदाच ना? बुधवारच ना? मग ती पडद्यावरून नाहीशी झाली. परत आली ती हातात हे एवढं वांगं घेऊन.

मग काय विचारता! वर मंगळवार तेरा, खाली बुधवार चौदा. भिंतीसमोर मोटरसायकली थांबायला लागल्या.

"काकी, दोनदा लगीन लावताय का?"

"एकदाच लावतोय, पर दोन वारी."

"मग आमी कुठल्या वारी यायचं?"

"अंधार हाय तवर या म्हंजे झालं!"

आचाऱ्यानं डोक्याला हात लावला, बँडवाल्यांनी कानटोप्या मागितल्या. आणि आजी आली. तिला भिगवणला नेऊन रोहित पक्षी दाखवले, तिनं ते पाहिले न पाहिले. घरात मात्र ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहायची आणि त्यावरची अक्षरं बोटानं गिरवायची. बनाबाईला वाटायचं, म्हातारी अजून खात्री करून घेते आहे.

लग्नाची पहाट उजाडायची होती. मांडवात दिवे लागले होते, पण म्हशीला कुठलं आलंय लग्न? बनाबाई नवी पैठणी सावरत गोठ्याकडं गेली आणि हातानं सवयीप्रमाणे दारावर लिहून टाकलं. मार्तेस, 13 दे फेब्रेरो. मागं पावलं वाजली. वळून बघते तो हिरव्या इरकलीत, वर शाल घेऊन एन्कार्ना आजी उभी! पुसायला बनाबाईचा हात वर गेला, तो आजीनं धरला.

आजीनं दार वाचलं. मग पूर्वेकडच्या काळ्याभोर आभाळाकडं बोट केलं आणि मान हलवली. सूर्य नाही. बनाबाईच्या लक्षात आलं. म्हणजे हिला ठाऊक आहे. आपल्या लेखी अजून मंगळवारच आहे, हे सगळं समजून ही इथं उभी आहे. आजीनं तिच्या हातातून खडू घेतला आणि खाली, वाकडीतिकडी रेघ ओढून, जीभ दातांत धरून मराठीत लिहिलं, बुधवार.

"आई, मुहूर्त टळंल!" ऋषिराज मांडवातून ओरडला. दोघी हातात हात घालून पळाल्या आणि म्हैस तशीच राहिली.

कानटोप्या घातलेल्या बँडनं दणका उडवला, गावातले कोंबडे मंगलाष्टकात सामील झाले, अंधारातच माळा पडल्या. मग सप्तपदी झाली, आणि शेवटच्या अक्षता टाकून हात खाली येतात न येतात, तोच उसाच्या शेंड्यांवर सूर्याची कड दिसली. आजीनं बनाबाईला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "आता बुधवार!"

बनाबाईनं तिला सगळ्या वऱ्हाडादेखत कडकडून मिठी मारली.