दुसरा प्रोसेसर आणि आमच्या गल्लीतला भूकंप

आता हे ऐकायचं असेल तर आधी चहा खाली ठेवा. मागे एकाला ऐकता ऐकता असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. आणि हसायचंच तर मला हसा, सर्व्हरला नको. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

त्र्याण्णवच्या भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासचं पीक जोमात होतं. मी फिजिक्सच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचो. मालकही जाधव सर, शिकवणारेही जाधव सर. दर रविवारी तीनशे पोरांची चाचणी. उत्तरपत्रिका स्कॅनरमधून जायच्या, सर्व्हर मार्क जुळवून क्रमांक लावायचा. पण सर्व्हर म्हातारा. निकालाला दोन तास घ्यायचा. तोवर मुरुड-देवणीकडचे पालक अंगणात बसून बसून कंटाळायचे आणि समोरच्या क्लासचं माहितीपत्रक वाचायला लागायचे. ते पाहून सर दर पाच मिनिटांनी मला येऊन विचारायचे, झालं का?

शेवटी सरांनी जाहीर करून टाकलं, येत्या रविवारी निकाल तासाभरात हातात. हे कोणाच्या जिवावर? माझ्या.

"बालाजीराव, जमंल ना? नाहीतर पुढच्या महिन्यात आपण दोघंच बसू क्लासात."

"सर, आपल्या सर्व्हरमधी दुसऱ्या प्रोसेसरची जागा मोकळीच हाय. बसवला की झालं."

झालं म्हणे! जुन्या सर्व्हरला दुसरा प्रोसेसर लावायचा तर तो पहिल्याचा सख्खा जुळा भाऊ लागतो. तसला नवा कुठं मिळतो? मी नांदेड गाठलं. तिथं रशीदभाईंचं जुन्या पार्टचं दुकान. मी त्यांना म्हटलं, "भाई, याच्याहून जोरदार असंल तर तोच द्या."

रशीदभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बालाजीभाऊ, एक देवणी बैल अन् एक खिल्लार बैल जुंपून औत चालतं का? जोड पाह्यजे तर नंबर बी त्योच पाह्यजे."

त्यांनी खोक्यातून शोधून शोधून शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणारा प्रोसेसर काढला. वर त्याचा पंखाही दिला. एसटीत मी ते पुडकं लातूरपर्यंत मांडीवरून हलू दिलं नाही. माझं पहिलं पोरगंसुद्धा मी इतकं जपून आणलं नव्हतं, बायको अजून ऐकवते.

रविवार उजाडला. चाचणी अकराला, मी नवालाच हजर. क्लासचं ऑफिस म्हणजे सरांच्या घराचीच पुढची खोली. तिथं कमरेएवढं पत्र्याचं कपाट, त्यावर सर्व्हर. आणि त्याच कपाटावर मागच्या बाजूला स्टीलचे पेले, एकावर एक उपडे. ते सरांच्या आईंचे. आम्ही सगळे त्यांना माय म्हणायचो. मायनं भूकंपाची ती पहाट डोळ्यांनी पाहिलेली. तेव्हापासून जिथं झोपेल-बसेल तिथं पेल्यांची ही उतरंड. जमीन हलली की आधी पेले वाजणार, मग माणसं उठणार. त्यावर आम्ही कोणी हसायचो नाही. हसायची कुणाची छाती होती?

तर मी सर्व्हर उघडला, प्रोसेसर बसवला, पंखा चढवला. बसवताना तोंड चालूच होतं. सरांना सांगत होतो, असलं काम पुण्यात चार माणसं मिळून करतात. झाकण लावलं, बटण दाबलं. पडद्यावर दोन प्रोसेसर दिसले. सर इतके खूश की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

सर्व्हरमधून मात्र गिरणीसारखा आवाज यायला लागला.

"बालाजीराव, हा घोंगाट कशाचा?"

"ताकद हाय सर ती. बैल दोन झाले तर धूळ बी डबल उडणार."

मी एवढं बोलतोय तोवर मागं खण्ण झालं. एक पेला पडला. मग दुसरा. मग अख्खी उतरंड खाली. खिडकीची काच थरथरली, आणि मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी आरोळी ठोकली.

"भूकंप! पळा!"

आपल्याकडं हा शब्द पुरतो, त्याला पुरावा लागत नाही. सरांनी जाता जाता मेन स्विच पाडला, मायला धरलं आणि रस्त्यावर आले. पण पहिला कोण आला होता? मी. एका पायात चप्पल. तीनशे पोरं आली, समोरचा क्लास आला, शेजारचा केमिस्ट्रीवाला क्लास आला. पाच मिनिटांत गल्लीत मुंगीला जागा नाही.

आणि मग मी तज्ज्ञ झालो. का, विचारा. सगळ्यात आधी मला कळला होता ना! "पूर्वेकडून आला," मी सांगितलं. "दहा सेकंद होता." एकानं सांगितलं की औशालाही जाणवला. तेवढ्यात रशीदभाईंचा फोन आला, प्रोसेसर चालला का म्हणून.

"चालला भाई, पण इथं भूकंप झालाय."

"हितं तर पान बी हाललं न्हाई."

"नांदेड लांब पडतं भाई," मी त्यांना समजावलं.

पाऊण तास गेला. अकरा वाजून गेले. पालक घड्याळाकडं बघत होते आणि सरांचा चेहरा उतरत चालला होता. मला मनापासून वाईट वाटलं. म्हटलं, आता आपणच पुढं व्हायला पाहिजे. "सर, मी जातो आत. सर्व्हर चालू करतो." लोकांनी माझ्याकडं काय आदरानं पाहिलं म्हणता! एका पालकानं तर हातातली पाण्याची बाटली मला दिली.

माझ्या मागोमाग सर आणि माय आत आले, दाराशी पोरांची गर्दी. मायनं पेले पुन्हा रचले. सरांनी मेन लावला. मी बटण दाबलं.

घोंगाट, आणि लगेच पेले वाजायला लागले.

पुढचं मला सरांकडून कळलं. माय खाली बसली आणि फरशीवर तळवा टेकवला. मग कपाटाला हात लावला. म्हणाली, "जमीन गप हाय रे. ह्ये डबडं हालून ऱ्हायलंय." एकही माणूस जागचा हलला नाही.

मी? मी तोवर दोन्ही चपला सोडून रस्त्यावर पोचलो होतो. या खेपेला एकटाच.

नव्या पंख्याची वायर मी जोडलीच नव्हती. तो पंखा बंद दिसला की सर्व्हर बाकीचे सगळे पंखे जिवाच्या आकांतानं पळवतो, आणि खाली कपाट पत्र्याचं. वायर जोडायला अर्धं मिनिट लागलं. चाचणी साडेबाराला संपली, निकाल पंचावन्न मिनिटांत लागला. पालक खूश, सर त्यांना निकाल वाटण्यात गुंग. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारच्या पेपरात पहिलाच प्रश्न होता: 'कपाटावरचे पेले वाजत आहेत, जमीन स्थिर आहे. कंपनाचे मूळ कोठे? अ) जमिनीत ब) कपाटात क) यंत्रात ड) यंत्र बसवणाऱ्यात.'

उत्तरतालिकेत 'क' होतं. तीनशेच्या तीनशे पोरांनी 'ड' भरलं. सरांनी थोडा विचार केला आणि उत्तरतालिका बदलायचं ठरवलं.

सर्व्हरमध्ये जाऊन ती बदलायचं काम, अर्थात, माझंच होतं.