घोडा दमला की चहा

शहाद्यात आमच्या शेजारच्या आबांनी भिंतभर टीव्ही घेतला, फोर-के चित्राचा. त्यावर ते घोडेच बघतात, सारंगखेड्याच्या यात्रेचे व्हिडिओ लावून. राउटरवर मात्र धूळ बसू नये म्हणून तो शालीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलेला. त्यामुळे घोडा रंगात आला की पडद्यावर गोल चकरी फिरायची आणि टापा हवेतच थांबायच्या. आबा शांतपणे म्हणायचे, "घोडा दमना. तवलग चहा ल्या." मग घोडे बघायला आलेल्यांची विचारपूस, केळीच्या बागेची चौकशी, सगळं त्या चकरीच्या कृपेनं व्हायचं.

परवा मला राहवलं नाही. मी राउटर बाहेर काढला आणि टीव्हीजवळ ठेवला. चित्र लख्ख झालं. आयाळीतला केस न् केस दिसायला लागला आणि घोडा एकदाही अडकला नाही. आम्ही जमलेले सगळे गप्प बसून बघत राहिलो. आबांची मात्र चुळबूळ सुरू झाली. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे. मग रिमोट उचलला आणि चौखूर उधळलेला घोडा स्वतःच मध्ये थांबवला.

"दमना व्हई बिचारा," आबा म्हणाले. "आते चहा ल्या."