इथं वशिला चालत नाही

चिंचखोरीच्या बाळासो पेंटरकडे कुणी काम घेऊन गेलं, की आधी त्याच्या सहीची तारीफ करावी लागे. पाटी किराणा दुकानाची असो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची असो, नाहीतर जत्रेतल्या नाटकाची असो, खाली उजव्या कोपऱ्यात 'बाळासो आर्टस्' ही अक्षरं अशी लफ्फेदार उमटायची, की वाचणाऱ्याला वाटावं दुकान याच्याच मालकीचं. एका दुकानदारानं तक्रारही करून बघितली. बाळासो शांतपणे म्हणाला, "तुमचं दुकान उद्या बंद पडंल. माझी सही ऱ्हाईल." असला गडी. गर्व पोतंभर होता, आणि खरं बोलायचं तर हातही तसाच होता. शिराळ्यापासून इस्लामपूरपर्यंत त्याच्यासारखं डोळे काढणारा दुसरा पेंटर नव्हता. देवीचे डोळे रंगवायचे असले की लोक त्यालाच बोलवायचे.

आणि याच माणसाच्या बायकोचा, संयोगिताचा, डावा डोळा गेलेला.

संयोगिता सातारच्या खंडाळ्याकडची. बाजरीच्या रानात वाढलेली पोर. लग्न होऊन वारणाकाठी आली तेव्हा तिनं एवढा ऊस पहिल्यांदा पाहिला. उसाचा पाला कापतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. एका हंगामात जनावरांसाठी उसाचं वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, तोडताना पातं सपकन डोळ्यावरून गेलं. मग चिंचखोरीत सगळे करायचे तेच झालं. तिला हरणाआक्काकडं नेलं. डोळ्यात काही गेलं की ही म्हातारी पापणी वर करून जिभेच्या टोकानं कुसळ काढायची, वर एरंडेलाचं बोट लावायची, आणि त्याबद्दल सुपारीचं खांडसुद्धा घ्यायची नाही. कुसळ निघालं. जखम मात्र आतच राहिली आणि चिघळली. सांगली गाठेपर्यंत बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. दोष कुणाला देणार? आक्काही रडली, बाळासोही रडला. संयोगिता तेवढी रडली नाही, कारण रडलं की दुखायचं.

शहाण्णव साली, साखर कारखान्याचं धुराडं पेटायच्या आधी, सांगलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यातून डॉक्टर ज्ञानदा लिमये बाळासोचं घर शोधत आल्या. त्यांचं काम असं होतं. पातं लागलेल्या डोळ्याला त्याच दिवशी मलम लावलं तर डोळा वाचतो, असा त्यांचा अंदाज होता. मलमं दोन होती, एक जुनं आणि स्वस्त, एक नवं आणि महाग. त्यातलं जास्त गुणाचं कुठलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळायचं तर उसातल्या माणसांनीच पुढं यायला हवं. त्यासाठी पोस्टर हवं होतं. आधी गावात एक नमुना रंगवायचा, तो पसंत पडला की छापून सगळ्या ऊसपट्ट्यात लावायचा.

"डोळा काढायचा ना? मग माणूस बरोबर गाठलाय तुमी," बाळासो म्हणाला आणि कामाला लागला.

दूध डेअरीच्या भिंतीवर त्यानं एकच डोळा काढला, बैलगाडीच्या चाकाएवढा. लालभडक शिरा, कडेला थरथरणारा थेंब, मध्ये काळंभोर बुबुळ. कुठूनही बघा, तो तुमच्याकडंच बघायचा. खाली दवाखान्यानं दिलेला मजकूर होता, 'डोळ्यांवरील औषधांचा प्रयोग. इच्छुकांनी नावे नोंदवावीत.' बाळासोनं आयुष्यभर 'प्रयोग' हा शब्द नाटकाच्या पाट्यांवर रंगवलेला. हात सवयीनं वळला, आणि 'प्रयोग' तेवढा नाटकाच्या अक्षरात, लाल पिवळ्या सावलीसकट, सगळ्यात मोठा उमटला. शेजारी सही.

दुसऱ्या दिवसापासून मजा सुरू झाली. बाया डेअरीत दूध घालायला येताना पोरांच्या डोक्यावरून पदर ओढून घ्यायला लागल्या, का तर त्या डोळ्याची नजर लागेल. कुणीतरी भिंतीला लिंबू-मिरची टांगली. कुणी त्याच्या शेजारी फाटकी चप्पल. शेजारच्या गावची दोन माणसं येऊन विचारून गेली, नाटक संगीत आहे का, आणि बाईचं काम बाईच करणार का गडी? ज्यांना मजकूर नीट कळला त्यांची गत आणखी वाईट. लालासाहेब, म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेला बाळासोचा चुलतभाऊ, डेअरीसमोर उभा राहून सगळ्यांना समजावून सांगायचा, "प्रयोग म्हंजे एक्सपेरिमेंट. आदी बेडकावर करत्यात, मग आपल्यावर. फौजेत आमाला सुया टोचल्या, कुणी इचारलं न्हाई. लाइनीत हुबं ऱ्हायचं, बाही वर."

एक माणूस नाव नोंदवायला गेला नाही. एकसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या तेव्हा भिंतीवरची लिंबू-मिरची बघून आधी हसल्या, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. हंगाम सुरू झाला होता. हंगामात पुरेशी माणसं आली नाहीत तर दवाखाना हे काम गुंडाळणार होता. "मग पुढच्या वर्षीही आपण अंदाजानंच औषध देणार," त्या म्हणाल्या, "आणि डोळे जातच राहणार."

बाळासो भिंतीकडं बघत राहिला. इतका जिवंत डोळा त्यानं जन्मात काढला नव्हता, आणि त्याच डोळ्यानं लोक पळवून लावले होते. त्याला बायकोकडं बघवेना. संयोगिता मात्र पदर खोचून पुढं आली. "तुमी दोघंच ठरवताय काय लिवायचं. ज्यांचं डोळं हायत त्यांना इचारलं का कुणी?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मग सकाळचं दूध घालून झाल्यावर, किटल्या बाजूला ठेवून, डेअरीच्या अंगणातच माणसं बसली. तोडणीच्या बाया होत्या, हरणाआक्का होती, आणि बोलावलं नसताना सुभेदार होताच.

पहिला सवाल आक्कानं टाकला. "दोन मलमं म्हनताय. चांगलं पाटलाच्या घरी जानार आन् पानचट आमाला. आसंच ना?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं करताच येणार नाही. दोन्ही मलमांच्या नळ्या दिसायला सारख्या. वर फक्त आकडा. कुठल्या आकड्यात कुठलं मलम, ते कुलपात, आणि ते कुलूप पुण्यात. "लावणाऱ्याला माहीत नसतं, लावून घेणाऱ्याला माहीत नसतं. मलाही नाही."

"तुमालाबी न्हाई?" सुभेदाराला हे काही पटेना. "मग कमांड कुणाकडं हाय?"

"कुणाकडंच नाही. नंबर येईल ती नळी."

संयोगिता मघापासून विचार करत होती. "म्हंजे चेरमनची सून आली आन् मी आले, तर दोघींना एकाच डब्यातनं, न बघता?"

"हो."

"वशिला चालत न्हाई?"

"नाही चालत. चालला तर सगळं कामच वाया जाईल."

आता हे नीट समजून घ्या. हा सगळा मुलूख सोसायट्यांचा, कारखान्यांचा, बँकांचा. इथं ऊस वेळेवर तुटायला वशिला, एसटीत चिकटायला वशिला, गॅसच्या नंबराला वशिला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, की एक जागा अशी आहे जिथं चेअरमनचीसुद्धा चिठ्ठी चालणार नाही.

"मग त्येच लिवा की," संयोगिता म्हणाली.

त्यानंतर माणसं सुटलीच. मध्येच नको वाटलं तर? सोडून जा, उपचार बंद होणार नाहीत. हे लिहा. 'प्रयोग' शब्द काढा, नाटकाचा वाटतो नाहीतर बेडकाचा. त्याजागी काय? 'कुठलं मलम बरं, हे शोधायला आमच्याबरोबर या.' आक्का म्हणाली, "लोक आदी माझ्याकडंच येनार. मी तशीच सांगलीला धाडीन. पन ते भित्तीवर लिवा, न्हाईतर म्हनतील आक्काला आता दिसंना." आणि शेवटी तिनंच विचारलं, "आन् निकाल? का आमचं डोळं बगून तुमी गप?" तसं काही डॉक्टरीणबाईंच्या योजनेत नव्हतंच. तरी त्या म्हणाल्या, "निकाल मी स्वतः इथं येऊन सांगेन. छापून यायच्या आधी."

चित्राचं संयोगितानंच ठरवलं. "सुटा डोळा काढला की भ्या वाटतं. त्याला त्वांड पायजे. माझं काढा."

बाळासोनं तिला डेअरीच्या पायरीवर बसवलं आणि भिंत नव्यानं रंगवायला घेतली. कपाळ आलं, नाक आलं, ओठांची ती हट्टी रेघ आली. आणि डोळे? डोळे त्यानं दोन्ही काढले. काळेभोर, टपोरे, लग्नात होते तसे.

संयोगिता उठून जवळ आली आणि बघत राहिली. "ही कोन बाई?"

"तूच की."

"माझा डावा डोळा आसा हाय?"

बाळासो ब्रश पुसत राहिला. साऱ्या तालुक्याला डोळे काढून देणारा माणूस, पण ते पांढरं फूल काढायला त्याचा हात उठत नव्हता. ती हळूच म्हणाली, "आवं, तुमालाच बगवंना, तर लोकांनी काय बगायचं? पुसा त्यो."

त्यानं पुसला. पांढऱ्या रंगात किंचित निळा मिसळून ते फूल काढताना तो पोरासारखा रडत होता, आणि ती शेजारी उभी राहून त्याला सांगत होती, जरा मोठं करा, जरा खाली घ्या. काम झालं तेव्हा भिंतीवर एक बाई होती, एक डोळा गेलेली, मान ताठ. वर लिहिलं होतं, 'पाला लागला? त्याच दिवशी या.' आणि त्याखाली सगळ्यात मोठ्या अक्षरात, 'इथं वशिला चालत नाही.' बाकी जे जे ठरलं होतं, ते खाली बारीक अक्षरात. या खेपेला सही करायची तो विसरला. आयुष्यात एकदाच.

आता पुढचा घोटाळा आमच्याच भागात होऊ शकतो. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती, नव्या कायद्यानं बायकांना जागा राखून ठेवलेल्या. अशा दिवसांत भिंतीवर बाईचा चेहरा, खाली असलं खणखणीत वाक्य आणि 'निकाल गावातच सांगू' हे वचन. लोकांनी काय समजायचं? बातमी उठली, संयोगिता उभी राहिली. सरपंचाचा माणूस घरी येऊन बसला. वहिनी, माघार घ्या, तुम्हाला डेअरीवर घेऊ. विरोधी पॅनेलवाले पेढे घेऊन आले. जो तो विचारायचा, वहिनी, चिन्ह काय?

"डोळा," संयोगिता सांगायची. आणि दाराशी आलेल्याला चहा पाजून, समोर बसवून, सगळं समजावून द्यायची. मलमं दोन, कुलूप पुण्यात, नको वाटलं तर सोडा. पोस्टर वाचून घ्यायला पंचक्रोशी डेअरीवर लोटली. इतकी माणसं बाळासोच्या कुठल्या नाटकालाही आली नव्हती.

पहिला कोण गेला असेल? सुभेदार. बैलांना वाढं काढताना पातं लागलं आणि डोळा धरून तो सरळ आक्काच्या दारात. आक्कानं पापणी वर केली, बघितलं, आणि जीभ काही बाहेर काढली नाही. "सांगलीला जा. भित्तीवर लिवलंय." सुभेदार कुरकुरत एसटीत बसला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं वाचून दाखवलं, सही घेतली, नंबराची नळी काढली. त्यानं हळूच विचारून बघितलं, "म्याडम, फौजी आदमी हूं. नव्यातलं बगा की." त्या म्हणाल्या, "सुभेदार, भिंत वाचलीत ना?" डोळा बरा झाल्यावर हाच गडी डेअरीसमोर उभा राहून सांगायला लागला, "मी म्हनून वशिला लावून बगितला. न्हाई चालला. काम एक नंबर हाय."

मग काय, रीघ लागली. तोच चेहरा छापून कारखान्यांच्या गेटवर लागला, कराडच्या स्टँडवर लागला, साताऱ्याच्या सिव्हिलबाहेर लागला. उसाच्या टोळ्यांतल्या बाया त्याच दिवशी सांगलीत उतरायच्या आणि म्हणायच्या, त्या वशिलावाल्या बाईनं सांगितलंय. धुराडं विझायच्या आत दवाखान्याला हवी तेवढी माणसं मिळाली, वर थोडी जास्तच.

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरीणबाई दिलेल्या शब्दाप्रमाणे निकाल घेऊन आल्या. मारुतीच्या देवळापुढं सगळं गाव जमलं. बाळासो नवा सदरा घालून मागं उभा होता. बाईंनी फार लांबण लावली नाही. पुण्याचं कुलूप उघडलं. स्वस्तातलं मलम महागाइतकंच गुणाचं निघालं. त्यामुळं ते आता गावोगावच्या उपकेंद्रात ठेवता येणार होतं. "आणि त्याच दिवशी जे आले," त्या म्हणाल्या, "त्यातल्या एकाचाही डोळा गेला नाही."

मग सुभेदार ओरडला, "वहिनी निवडून आल्या!" झालं. निवडणुकीतला उरलेला गुलाल कुणाच्या तरी घरात होताच. पोतं आलं, हलगी आली. ज्या बाईनं अर्जच भरला नव्हता, तिची मिरवणूक निघायची वेळ आली.

सुभेदारानं ओंजळ भरून वर उचलली, तोच संयोगितानं त्याचं मनगट धरलं. "थांबा. डोळ्यात जाईल. आदी सगळ्यांनी डोळं मिटा."

आणि गावानं ऐकलं. सरपंचानं मिटले, विरोधकांनी मिटले, हरणाआक्कानं मिटले, डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून मिटले. गुलाल उडाला. बाळासोनं तेवढे किलकिले करून बघितलंच. एवढ्या माणसांत ती एकटी डोळा उघडा ठेवून उभी होती. पदर तोंडावर धरून, डोळे मिटलेली ती सगळी माणसं एकेक करून बघत होती आणि हसत होती.

"झालं," ती म्हणाली. "आता उगडा."

सगळ्यांनी डोळे उघडले.