वनमालाबाईंनी पाळलेलं सूर्याचं वादळ

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती, घरोघरी केबल आली होती आणि तिथल्या बूढापारा मोहल्ल्यातल्या वनमालाबाईंची काळजी वाढली होती. तसं त्यांना काळजीचं वावडं कधीच नव्हतं. शेजारी कुणी शिंकलं तरी त्या काढा उकळायला घेत. त्यात दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यात टीव्हीवाल्याने सांगितलं, सूर्यावर मोठा भडका उडालाय, त्याचं वादळ पृथ्वीकडे येतंय, उपग्रह बंद पडतील, विमानांचे रेडिओ मुके होतील, विजेच्या तारांतून भलताच प्रवाह धावेल.

बाई घाबरल्या, त्या काही उपग्रहांसाठी नव्हे. सून निधी पहिल्या बाळंतपणाला अभनपूरला माहेरी होती. तारीख अजून थोडी लांब होती, पण सूर्याचं काही बिनसलं की पोटुशीने जपायचं, हे त्या आईच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनी नवऱ्याला, रेल्वेतून निवृत्त झालेल्या शालिग्रामरावांना, पंचांग बघायला बसवलं.

"यात वादळाचा वेध नाही लिहिला," ते म्हणाले.

"मंग सुटका कवा होते?"

"ते बी नाही. तू चहा तरी कर."

"अशात कोणी खाते-पेते का?"

आणि बाईंनी ग्रहण पाळतात तसं वादळ पाळलं. अभनपूरला फोन करून निधीला बजावलं, आतल्या खोलीत बस, सुरीला हात लावू नको. दुधावर, पाण्यावर तुळशीचं पान ठेवलं. टीव्हीची, फ्रिजची पिन काढली. शेवटी फोनची वायरही उपटली. तारेतून वादळ धावतं म्हणतात; इथून कुणी चुकून फोन लावला आणि ते सुनेच्या कानाशी पोचलं तर? फोनवरही एक पान ठेवलं. शालिग्रामरावांनी ते पाहिलं आणि उपाशीपोटी वाद नको म्हणून डोळे मिटून घेतले.

दुपार कलली तशी दारात स्कूटर थांबली. मुलगा गौतम सकाळपासून निधीजवळ होता, तो घामाघूम होऊन धावत आला. त्याचा चेहरा बघूनच बाई उठून उभ्या राहिल्या.

"काय झालं रे तिले?"

त्याने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच बसला.

"सुबह से घंटी जा रही है, कोई उठाता नहीं. मले वाटलं, तुमचंच काही झालं." मग तो हसला. "आई, तारखेआधीच पोट्टी झाली. दोघी ठीक हाय."

बाई मटकन खाली बसल्या आणि पोटभर रडल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दोन्ही घरांना एकमेकांचा घोर, आणि वादळ बिचारं वरच्या वर! गौतमने सांगितलं, ते विमानांना आणि उपग्रहांना छळतं, दूर उत्तरेच्या मुलखात दिवेसुद्धा घालवतं. बूढापाऱ्यात मात्र एकच फोन बंद पडला, तोही हाताने. तेवढ्यात शालिग्रामरावांनी दुधाचा पेला रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी बाई अभनपूरच्या दवाखान्यात पोचल्या, तेव्हा नर्स म्हणाली, "बच्ची को थोड़ी धूप दिखा दीजिए."

टीव्हीवर वादळ अजून ओसरलं नव्हतं. सासूबाईंकडे बघून निधी घाईने म्हणाली, "माझी आई नेईल."

वनमालाबाईंनी खिडकीतून एकदा वर पाहिलं. "आण इकडे," त्या म्हणाल्या.

अंगणात त्यांनी नातीच्या तोंडावरचं दुपटं स्वतःच बाजूला केलं. पोरीने कोवळ्या उन्हात डोळे किलकिले केले, जांभई दिली. नर्स परत बोलवायला आली तरी बाई हलल्या नाहीत.

"थांब जरा, दीदी. आत्ता तर दोघांची ओळख होऊन राहिली."