न मोजलेले गोल

जर्मन मावशींना आपण आयुष्यात किती गोल केले हे माहीत नव्हतं. चौदा वर्षं त्या त्यांच्या देशात स्ट्रायकर म्हणून खेळल्या, म्हणजे गोल करणं हेच त्यांचं काम, आणि आकडा विचारला तर नुसत्या हसायच्या. मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "ज्या गोलकीपरवर झाले तिला विचार. तिला माहीत असणार."

मला हे उत्तर पटलं नाही. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. पार्ट मायक्रोमीटरमध्ये धरायचा, माप बसलं तर पुढे, नाही बसलं तर लाल खडूची फुली. घरीही माझं तसंच. मुलगी तेजश्री आठशे मीटर पळायची. रोज सकाळी कॉलनीच्या मैदानावर मी घड्याळ घेऊन उभा राहायचो आणि तिची वेळ वहीत लिहायचो. अशा दोन वह्या भरल्या होत्या.

मावशी आमच्या कॉलनीत आल्या त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी. शेजारच्या कारखान्यात नवी यंत्रं बसवायला त्यांचा नवरा दोन वर्षांसाठी आला होता. तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मावशी दुखऱ्या गुडघ्याला चालणं हवं म्हणून मैदानाला फेऱ्या मारायच्या. शाळेच्या मुली तिथे फुटबॉल खेळत. खेळत म्हणजे बावीस जणी एका बॉलमागे धावत. मावशींनी तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी त्या शाळेच्या शिंदे सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मुलींना शिकवायचं काम मागून घेतलं. सर कबड्डीचे. ते मला म्हणाले, "बरं झालं बुवा. मला या खेळातली शिट्टी तेवढी वाजवता येते."

मराठी त्या मुलींकडूनच शिकल्या. त्यामुळे मुख्याध्यापकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना "तू". "तू लय उशीर केला," असं त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, तेव्हा मुलींनी तोंडात ओढण्या कोंबल्या होत्या. राग कुणालाच यायचा नाही. मी त्याच मैदानावर सहा वर्षं उभा होतो, मला कुणी कधी चहाला बोलावलं नव्हतं. मावशींना पहिल्या महिन्यातच कुरडया, पापड, लोणचं घरपोच जायला लागलं. आमच्याही घरून गेलं.

महिन्याभरात तेजू फुटबॉलला जायला लागली. सकाळी घड्याळ, संध्याकाळी मावशी. मग सकाळी तिचे पाय दुखायला लागले. वहीतली वेळ चार सेकंदांनी वाढली. मी ते आकडे दाखवायला मावशींकडे गेलो. त्यांनी वही नीट बघितली, माझं अक्षर सुंदर आहे म्हणाल्या आणि वही परत दिली.

"अहो, जळताय तुम्ही त्या बाईवर," आमची मंडळी भाकरी थापताना म्हणाली.

"मी कशाला जळू? आकडे बोलतात."

"मग आकड्यांना वाढते जेवायला."

खरं सांगायचं तर जळत होतोच. तेजू घरी आली की तोंडात एकच विषय. मावशींच्या लहानपणी त्यांच्या देशात मुलींनी क्लबात खेळायला बंदी होती, ती बंदी मावशी दहा वर्षांच्या झाल्या तेव्हा उठली. मावशी पहाटे टपालाची पोती निवडायच्या आणि संध्याकाळी खेळायच्या, कारण खेळून पोट भरत नसे. देशाच्या संघाच्या शिबिरात एकदा बोलावलं, चार दिवस ठेवलं आणि परत पाठवलं. गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, तिसरीला डॉक्टर नाही म्हणाले. हे सगळं मला तेजूकडून कळलं. माझ्या वडिलांनी बारा वर्षं कुठे नोकरी केली हे तिला सांगता आलं नसतं.

मावशींची शिकवण्याची एक पद्धत होती. पास सुटतो त्या क्षणी पुढची मुलगी समोरच्या संघाच्या शेवटच्या बचाववालीच्या पुढे असली तर ऑफसाइड, गोल बाद. तो क्षण कळावा म्हणून त्या स्वतः बचाववाली व्हायच्या आणि तेजूचा हात हातात धरून तिच्यासोबत चालायच्या. पलीकडून बॉलला पाय लागला की हात सोडायच्या. "हात सुटला, पळ." आठवडाभर दोघी अशा हात धरून मैदानात फिरत होत्या. मी कुंपणाबाहेरून बघत होतो. तेजू सातवीत गेल्यापासून रस्ता ओलांडताना माझा हात धरत नव्हती.

आंतरशालेय अंतिम सामना ओझरला होता. जिंकेल तो संघ विभागीय स्पर्धेला जाणार होता. ऐन वेळी एक लाइन्समन, रेषेवरून ऑफसाइडचा झेंडा दाखवणारा, आला नाही. नियमांचं पुस्तक मी पाठ केलेलं, हे शिंदे सरांना ठाऊक होतं. त्यांनी माझं नाव सुचवलं. समोरच्या शाळेचे सर म्हणाले, "यांची मुलगीच खेळतेय ना?" तेवढ्यात त्यांच्याकडच्या एका पालकाने, जो आमच्याच कारखान्यात होता, सांगितलं, "सर, या माणसाने सख्ख्या मेव्हण्याचा माल रिजेक्ट केलाय. द्या झेंडा."

मध्यंतराला तेजू घामाघूम होऊन माझ्या दिशेने धावत आली. मी ग्लुकोजची बाटली पुढे केली. ती माझ्या बाजूने निघून मावशींकडे गेली. त्यांच्या बाटलीतलं पाणी प्यायली, त्यांनी आपल्या रुमालाने तिचं तोंड पुसलं. माझ्यापासून पाच पावलांवर.

शेवटची चार मिनिटं उरली, गोल एकही नाही. बॉल आमच्या मुलींकडे होता. मावशी रेषेबाहेर उभ्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचा उजवा हात अर्धवट उघडा, बाजूला धरलेला, जणू त्यात कुणाचा हात आहे. मग तो मिटला आणि सुटला. मी मैदानाकडे वळलो तेव्हा तेजू सगळ्यांच्या पुढे एकटी पळत होती. बॉल जाळीत गेला. माझा झेंडा वर गेला.

पास सुटला तेव्हा ती कुठे होती हे मी पाहिलं नव्हतं. एवढंच खरं.

पंचांनी गोल नाकारला. समोरच्या शाळेच्या सरांनी येऊन माझा हात दाबला. टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. मुली रडत होत्या. मी झेंडा गुंडाळत असताना मावशी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू बॉल नाही बघितला. तू मला बघत होता." मी झेंडा आणखी घट्ट गुंडाळला. त्या थांबल्या नाहीत.

परतताना मिनीबसमध्ये मी पुढे बसलो होतो. मागून एक मुलगी म्हणाली, "तेजे, तुझ्याच बापाने गं." तेजू खिडकीबाहेर बघत होती. मावशी दांडा धरून मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. "ऐका. झेंडा बरोबर. तेजू अर्धं पाऊल पुढे. मी बघितलं." ज्या बाईने चौदा वर्षं त्याच अर्ध्या पावलावर काढली, तिला कोण खोटं पाडणार? दहाव्या मैलाच्या फाट्यापर्यंत तेजू खिडकीशीच होती. मग उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

दोन वर्षं संपून मावशी जर्मनीला परत निघाल्या तेव्हा मी बॅगा गाडीत ठेवायला गेलो होतो. तेव्हा विचारलं, त्या दिवशी बसमध्ये झेंडा बरोबर असं का सांगितलंत?

"तेजूला तुझ्या घरी राहायचं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या नाही."

तेजू पुढे क्रीडाशिक्षिका झाली. नाशिकहून रोज बसने सिन्नरला एका शाळेत जाते. मागच्या वर्षी शाळेच्या क्रीडादिनाला तिने मला पाहुणा म्हणून नेलं आणि दोनशे मुलांसमोर ओझरची गोष्ट सांगितली. "माझ्या बाबांनी माझाच गोल नाकारला. प्रामाणिकपणा म्हणजे हा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत बसलो. ही गोष्ट तिने लग्नात सासरच्यांनाही सांगितली होती.

सिन्नरच्या स्टँडवर बसची वाट बघत असताना मी म्हणालो, "तेजू, तो झेंडा मी न बघता वर केला."

"कोणता?"

"ओझरचा. मी मावशींकडे बघत होतो."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे मावशी बसमध्ये खोटं बोलली?"

"हो."

"तुम्ही बघितलं नव्हतं, हे तिला माहीत होतं?"

"त्यांनीच मला सांगितलं."

तेजूचे डोळे भरून आले. "ती असंच करणार," ती म्हणाली. मग पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.

इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी बाहेर काढली होती. रागावेल, बोलणं टाकेल, अशी सगळी तयारी करून आलो होतो. माझ्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही. बस आली. सिन्नर ते नाशिक ती मावशींबद्दलच बोलत होती: कशा हसायच्या, लोणचं कसं नुसतंच खायच्या, पत्र कधी लिहायला हवं. मी ऐकत होतो आणि तसाच जळत होतो. मधेच बोलता बोलता तिने माझ्या मांडीवरची जड पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. तेवढं माझ्यासाठी होतं, असं मी धरतो.