बाबांनी घेतलेला माझा इंटरव्ह्यू

गेल्या मंगळवारी आमच्या डायनिंग टेबलावर माझा इंटरव्ह्यू झाला. घेणारे होते माझे सासरे!

खरा इंटरव्ह्यू शुक्रवारी होता, एका शाळेच्या फ्रंट ऑफिसचा. फोन घ्यायचे, पालकांशी बोलायचं आणि तेही इंग्रजीत. मी सिहोऱ्याची, हिंदी मुलखातली, हिंदी मीडियममध्ये शिकलेली. मागच्या वेळी अशाच एका ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला मी 'थँक यू' म्हणून उठून आले होते... घरी मात्र सांगितलं, जागा आधीच भरली होती.

तेव्हापासून दीक्षितपुऱ्यात स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाते. पहिली बॅच, म्हणजे 'हाऊ आर यू'पासून सुरुवात. क्लासच्या दीदी म्हणाल्या, घरी कोणाला तरी समोर बसवून प्रॅक्टिस करा. नवरा ड्युटीवर, आणि लेक तर मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागते. उरले बाबा.

बाबांचं इंग्रजी म्हणजे आमच्या घराची शान. फॅक्टरीच्या ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षं इंग्रजी पत्रांचं, नोटांचं ड्राफ्टिंग केलं. कॉलनीत कोणाची पेन्शन अडकू दे नाहीतर मेडिकलचं बिल, माणूस आमच्याकडे येतो आणि बाबा एका बैठकीत असं पत्र लिहून देतात की समोरचा साहेब गार. माझ्या क्लासच्या वहीतसुद्धा ते प्रेमाने लाल पेन फिरवतात. त्यांच्यासमोर इंग्रजी बोलायचं मी टाळायचेच.

पण गरजवंताला अक्कल नसते... विचारलं. बाबा लगेच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घालून, पॅडवर प्रश्न लिहून आले आणि चष्मा सारखा करून त्यांनी पहिला प्रश्न वाचला, "काइंडली फर्निश द पर्टिक्युलर्स ऑफ युअर एज्युकेशनल क्वालिफिकेशन्स."

मी हसू कसंबसं दाबलं. उत्तर दिलं, चुकतमाकत. दुसरं दिलं, तिसरं दिलं. बाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत, फक्त मान हलवून पुढचा प्रश्न वाचत गेले. मला जरा धीर आला.

दीदींनी शिकवलं होतं की शेवटी आपणही एक प्रश्न विचारायचा. मी विचारला, "सर, व्हॉट वर्क आय हॅव टू डू हिअर?"

बाबांनी पॅडकडे पाहिलं. पॅडवर याचं उत्तर नव्हतं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला. वर पंखा फिरत होता आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, मी काहीतरी भयंकर बोलून बसले.

"बाबा, काहून गप्प बसले? चुकलं काय माझं?"

"तुझं नाही बेटा," ते म्हणाले. "मलेच बोलता नाही येत."

मी खुर्ची जवळ ओढली.

"फाइलीत इंग्रजी अन् तोंडात हिंदी, असंच चालायचं आमच्याकडे. एकदा दक्षिणेकडचे मोठे साहेब आले. मीच लिहिलेल्या नोटवर इंग्रजीत दोन गोष्टी विचारल्या. सगळं डोक्यात होतं, तोंडातून शब्द नाही निघाला. साहेब समजले, हा दुसऱ्याकडून लिहून घेऊन राहिला."

पुढच्याच वर्षी त्यांना बाहेरगावी प्रमोशन मिळालं. तिथे मीटिंगमध्ये बोलावं लागलं असतं... बाबांनी नाकारलं. आमच्या घरात ही गोष्ट वेगळी सांगतात. सासूबाई प्रत्येक पाहुण्याला सांगतात, "ह्यांनी माझ्या दुखण्यापायी प्रमोशन सोडलं."

(बाबांना विचारूनच हे लिहिते आहे. सासूबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा! म्हणजे माझ्यासाठी नव्हतं?" आणि दिवसभर अबोला धरला. संध्याकाळचा चहा मात्र न मागता दिला.)

दुसऱ्या दिवशी मी क्लासला निघाले तर बाबा चपला घालून दारात उभे. क्लासमध्ये त्यांनी फॉर्म असा भरला की दीदी म्हणाल्या, "अंकल, आप तो सीधे ॲडव्हान्स बॅच में बैठिए।" बाबा म्हणाले, "नहीं बेटा, बहू वाली में बिठा दीजिए।" आणि पनागरहून बसने येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीशेजारी जाऊन बसले. इंग्रजीत नाव सांगायला उभे राहिले आणि पहिल्याच शब्दावर अडकले. वर्गात कोणी हसलं नाही... आम्ही सगळेच कधी ना कधी तसे उभे राहिलो होतो. शेवटी नाव सांगितलं. तेवढंच, आणि बसले.

शुक्रवारी मी दोनदा अडकले. एकदा तर इतकी की समोरच्या मॅडमने पाण्याचा ग्लास पुढे केला. पण उठून नाही आले. पाणी प्यायले आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. निकाल अजून कळायचा आहे.

पण माझ्या मनात सारखा तो मंगळवारच येतो. मी बाबांना विचारलेलं वाक्य खरं तर चुकलेलंच होतं, क्लासमध्ये नंतर कळलं. बाबांना ते ऐकताक्षणीच कळलं असणार. माझी चूक काढून ते सहज सुटू शकले असते, आणि मी मान खाली घालून वहीत दुरुस्ती लिहिली असती. त्याऐवजी त्यांनी चष्मा पुसला आणि इतकी वर्षं लपवलेली गोष्ट सुनेला सांगून टाकली... मी शुक्रवारी अडकले तर एकटी पडू नये म्हणून.