कोरड्या तोंडाची प्रेमिला

"तुही बायको खर्रा खाते."

"काय बोलून राहिली माय तू?"

"हे पाय पुडी. चादर झटकली तं पडली. आता बोल! मूग गिळून काहून बसला गा?"

"खात असन," देवराव म्हणाला. "बायकांचं मले काय मालूम."

मायलेकाचं हे भांडण प्रेमिलानं मोरीच्या दाराआड, खरकटी परात हातात धरून ऐकलं. बाहेर येऊन तिला एवढंच म्हणायचं होतं की सुपारी-तंबाखूची ती पुडी तुमच्या लेकाची आहे. पण त्याच महिन्यात देवराव वाडीतल्या बुद्धविहाराचा सचिव झाला होता, आणि साऱ्या वस्तीकडून व्यसनमुक्तीची शपथ वदवून घेऊन आला होता. प्रेमिलाचं वाक्य टाळूलाच चिकटलं. अगदी खरोखर चिकटलं. तिचं तोंड तेव्हापासूनच कोरडं पडत होतं, पण हे तिलाही कुठं ठाऊक होतं!

रविवारच्या वंदनेला पंचशील प्रेमिला म्हणायची. ती पुढं, बाकीचे तिच्या मागून. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पण आवाज असा की बाहेरच्या ट्रकांचा गोंगाट मागं पडावा. पाचवं शील नशापाणी न करण्याचं. जिच्या अंथरुणात खर्रा सापडतो, तिनं ते पुढं उभं राहून कसं म्हणावं? बायकांमध्ये सासू रुखमाबाई सगळ्यांत थोरली, तिचाच शब्द चालायचा. पुढच्या रविवारी तिनं पंचशील म्हणणारीनं लावायची मेणबत्ती शेजारच्या भावनाच्या हातात दिली आणि प्रेमिला मागच्या रांगेत जाऊन बसली.

आता गंमत ऐका. ती पुडी रोज आणायची कोण? प्रेमिलाच. देवराव गोदामावर मुकादम, विहाराचा सचिव. त्यानं पानठेल्यावर दिसणं बरं नव्हे. "तू दुधाले जातेच नं, येताना घेऊन ये," एवढं सांगून तो मोकळा. वस्तीनं ठेल्यावर प्रेमिलाला पाहिलं आणि काय समजायचं ते समजून घेतलं. देवरावाचे दात लाल होते, पण ते रुखमाबाईला कधी दिसले नाहीत.

त्यात प्रेमिलाचे दात कडेनं झिजून तुकडे पडायला लागले. भाकरीचा घास पाण्यावाचून उतरेना. बोलताबोलता जीभ गालाला चिकटायची, की बाया एकमेकींना कोपर मारायच्या. "पाय वं, गालात धरला हाय!" दातांच्या डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं. खर्रा खाणाऱ्याचं तोंड नीट उघडत नाही. तिचं चांगलं आ वासून उघडलं, तरी तो म्हणाला, "बाई, खर्रा बंद करा." ती "खात नाही जी" म्हणायला गेली आणि जीभ पुन्हा अडकली. तो हसला. खरं सांगायला जावं तर तोंडच खोटं पाडतं, अशा बाईनं जावं कुठं?

एक दिवस तिच्या लेकीनं, दीप्तीनं, तिला कांदे चिरताना पाहिलं.

"आई वं, तुह्या डोळ्यात पानीच नाही येत का?"

"कांद्यानं नाही येत. आन तुह्या बापानंही नाही येत आता."

दीप्ती हसली, मग आईचे डोळे जवळून पाहून तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरणीनं पापणीच्या आत कागदाची पट्टी अडकवली. पट्टी कोरडीच राहिली. रक्त घेतलं. खालच्या ओठाच्या आतून लाळेच्या चारदोन ग्रंथी तपासायला काढल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. आठ-दहा दिवसांनी बोलावून समजावलं.

"मावशी, शरीराच्या पेशीत काही सामान असतं, ते आतच राहायचं असतं. तुमच्या लाळेच्या ग्रंथींत ते दारात येऊन पडलं. रक्तातल्या पहारेकऱ्यांना तो परका माल वाटला. त्यांनी त्याच्यावर खुणा चिकटवल्या आणि ग्रंथींनाच झोडपत सुटले. त्या खुणा तुमच्या रक्तात सापडल्या. याला शोग्रेनचा आजार म्हणतात."

"सामान घरचंच नं, बाई?"

"घरचंच."

"आन मारनारे?"

"तेही घरचेच."

"मंग हा आजार माह्या ओळखीचाच हाय," प्रेमिला म्हणाली. "जाईन का?"

"जात नाही. सांभाळावा लागतो. घोट घोट पाणी प्या, डोळ्यात थेंब टाका."

"पंचशील म्हनता येईन?"

"पाणी जवळ ठेवा आणि म्हणा."

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी वंदना. घरी येऊन तिनं सासूसमोर बसून सगळं सांगितलं, मध्येमध्ये पाण्याचा घोट घेत. दीप्ती मान डोलवत होती. देवराव दाराशी चप्पल न काढताच उभा होता. रुखमाबाई लुगड्याचा काठ चोळत राहिली.

"म्हंजे तू खातच नव्हती?"

"नाही आत्या."

"आन मी साऱ्या वस्तीत..." पुढचं रुखमाबाईनं गिळलं. तिला गिळता येत होतं. मग तिनं मान वर केली. "तं मंग ते पुडी कोनाची होती वं?"

प्रेमिलानं नवऱ्याकडं पाहिलं. बोलावं तर उद्या सगळ्यांपुढं त्याची मान खाली, न बोलावं तर आपण जन्मभर मागच्या रांगेत. तिनं बाटली तोंडाला लावली. पाणी घशाखाली गेलं, वाक्य जागचं हललं नाही.

देवरावानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "दुधाची वेळ झाली," तो म्हणाला.

प्रेमिला उठली. डबा घेतला. डेअरीवर दूध घेतलं. रस्त्याला लागलेल्या ट्रकांच्या मधून वाट काढत ठेल्यावर गेली. ठेलेवाल्यानं काही न विचारता प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटून पुडी बांधून दिली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली आणि घरी आली. दूध गॅसवर ठेवलं.

रोज ती पुडी आतल्या खोलीत नेऊन त्याच्या उशाखाली सारायची. आज मायलेक दोघंही बाहेरच बसले होते. प्रेमिला त्यांच्या मधोमध बसली, पदराची गाठ सोडली आणि पुडी नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "रोजचीच हाय."

आणि दूध उतू जाईल म्हणून उठली.